भिंतीवरील ओल व बुरशी : कुटुंबांसाठी सूचना

पावसाळ्यात किंवा पुरानंतर भिंतीवर काळे-हिरवट डाग दिसू लागले आणि खोलीत कुबट वास येऊ लागला, तर ते बुरशीचे लक्षण समजावे. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात; ओल मिळताच ते वाढू लागतात.

गिलावा, प्लायवूड, जिप्सम बोर्ड व गाद्या सच्छिद्र असल्याने पाणी शोषतात आणि बुरशीचे तंतू त्यांच्या आत शिरतात. म्हणून डाग वरवर पुसणे किंवा त्यांवर रंग देणे पुरेसे नाही. मृत बुरशीही ॲलर्जीला कारण ठरू शकते. ती काढून टाकणेच आवश्यक आहे.

काय करावे?

• प्रथम गळती बंद करावी.
• भिजलेली जागा व वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवाव्यात.
• बुरशी खोलवर गेलेले जिप्सम बोर्ड, गाद्या टाकून द्याव्यात.
• सिमेंटची भिंत साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडी करावी.
• सफाई करताना एन-९५ मास्क व हातमोजे वापरावेत. खिडक्या उघड्या ठेवाव्यात.
• कपाटे भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत.

काय टाळावे?

• बुरशी कोरडी झाडू नये. बीजाणू घरभर पसरतात.
• ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया मिसळू नये. विषारी वायू निर्माण होतो.

दमा असलेल्या वा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी, तसेच लहान मुलांनी सफाईच्या वेळी तेथे थांबू नये. खोकला, शिंका किंवा धाप कायम राहिल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात जावे आणि घरातील ओलीविषयी डॉक्टरांना अवश्य सांगावे.