कचरा तुर्भ्यापर्यंत कशाला?

वाशी असो वा ऐरोली, नवी मुंबईतला कचरा शेवटी तुर्भ्याला जातो. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करायला २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं. तरी डायपर अजून भाजीच्या देठांत सापडतातच.

ओला कचरा बाल्कनीतच जिरवता येतो. भोकं पाडलेल्या बादलीत तळाला नारळाच्या शेंड्या, वर साली-देठांचा थर, त्यावर सुक्या पानांचा. वास आला तर ओल जास्त झाली समजा. सुकी पानं वाढवा, हलवा. पावसाळ्यात ही कटकट ठरलेलीच. गाळलेली चहापूड चालते, पण दूध-साखरेची असेल तर आधी धुवा, नाहीतर मुंग्या.

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा भंगारवाल्याच्या हाती कधीच लागत नाही, गटारात जातो. धुऊन वाळवलेली पिशवी मात्र तो घेतो.

शहराला पाणी पुरवणारं मोरबे धरण खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर. एवढ्या लांबून आलेलं पाणी आरओच्या नळीतून मोरीत सोडणं जिवावर यायला हवं. ते लादी पुसायला, संडासात टाकायला उत्तम; क्षार जास्त असल्याने कुंड्यांना रोज नको.

विजेत खरी बचत पंख्यात. ७५ वॉटच्या जुन्या पंख्याऐवजी ३० वॉटचा बीएलडीसी रोज १२ तास फिरला, तर महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात.