मुरुडशेंग: पिळाला भुलू नका

देवळा तालुक्यात कांद्याची शेतं मागे पडून सातमाळ्याचे कोरडे, खडकाळ उतार लागले, की पानझडी झाडोऱ्यात मुरुडशेंग ओळखता येते. कुणी तिला केवण म्हणतं. पीळदार, लाकडासारख्या टणक शेंगा ही तिची खूण. समज-गैरसमजही बहुतेक त्या पिळाभोवतीच फिरतात.

गैरसमज: शेंग आहे, म्हणजे तूर-बाभळीची भावकी.
वस्तुस्थिती: हे भेंडी आणि कापसाचं कूळ. तुरीची शेंग फुलातल्या एकाच कप्प्याची बनते. इथे पाच कप्पे एकमेकांभोवती दोरासारखे वळलेले असतात. वाळल्यावर ते उकलतात आणि बारीक, काळपट बिया बाहेर पडतात.

गैरसमज: शेंग उन्हानं वाळते, तेव्हा पीळ बसतो.
वस्तुस्थिती: हिरवी शेंग तोडून पाहा, पीळ तिच्यातही असतो. ऊन फक्त तिला तपकिरी आणि टणक करतं.

गैरसमज: एकाच झुडपावर लाल आणि राखाडी, अशी दोन जातींची फुलं येतात.
वस्तुस्थिती: फूल एकच, वय वेगळं. ताजं फूल विटकरी-लाल असतं, जुनं होता होता निळसर-राखाडी पडतं. मधासाठी शिंजीर पक्षी येतात आणि परागकण इकडून तिकडे नेतात.

गैरसमज: हे नुसतं सरपणाचं झुडूप.
वस्तुस्थिती: हिच्या सालीचा वाख चिवट असतो. त्याचे दोर वळण्याची रीत जुनी आहे. शिवाय झुडूप तोडलं तरी बुडख्यातून पुन्हा फुटतं, म्हणजे वाखासाठी ते मुळासकट उपटावं लागत नाही.

गैरसमज: मुळांचा काढा घेतला की मधुमेह जातो.
वस्तुस्थिती: मुळांच्या अर्कानं मधुमेही उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचं प्रयोगात दिसलं आहे. पण तेवढ्यावरून माणसाचं औषध ठरत नाही. काढ्याच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करणं धोक्याचं.

गैरसमज: शेंगेला पीळ, म्हणून ती पोटातला पीळ काढते. बाळगुटीत तर हवीच.
वस्तुस्थिती: आकारावरून गुण ठरत नाहीत. पोटदुखी आणि जुलाबावर आयुर्वेदात व लोकवैद्यकात ही शेंग वापरतात, पण तिचा जो काही परिणाम होतो तो तिच्यातल्या रासायनिक द्रव्यांमुळे. ती सरळ असती तरी द्रव्यं तीच राहिली असती. बाळाची गोष्ट वेगळी. हळकुंड, वेखंड, हिरड्याबरोबर मुरुडशेंगही सहाणेवर उगाळून तान्ह्याला चाटवतात. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मात्र पहिले सहा महिने फक्त आईच्या दुधाची आहे, वरचं पाणीसुद्धा नको. अस्वच्छ सहाण किंवा पाण्यातून जंतू पोटात गेले, तर ज्या जुलाबासाठी गुटी दिली तेच जुलाब लागू शकतात. बाळ कळवळून रडत असेल, तर सहाण काढण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.