सरधना येथील चर्च : आश्रयदाती, वास्तू आणि राजकारण

प्रस्तावना :
उत्तर प्रदेशातील मीरतपासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर सरधना हे छोटे नगर आहे. तेथील चर्चचे वर्णन बहुधा 'युरोपीय शैलीची वास्तू' असे केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. वास्तूचा अर्थ तिच्या आश्रयदातीच्या राजकीय स्थितीतून शोधावा लागतो, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
युरोपीय लष्करी सरदार वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू यांचे १७७८ मध्ये निधन झाले. त्यांच्या फौजेचे व जहागिरीचे नेतृत्व बेगम समरू यांच्याकडे आले. १७८१ मध्ये त्यांनी आग्रा येथे कॅथलिक पंथाची दीक्षा घेऊन जोआना हे नाव धारण केले. बादशहा शाहआलम दुसरा यांचा त्यांच्यावर विश्वास होता. मराठ्यांच्या इतिहासाशीही त्यांचा संबंध येतो. १८०३ च्या असईच्या लढाईत त्यांच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. त्याच वर्षीच्या सुर्जी अंजनगाव तहाने शिंद्यांचा दोआब कंपनीकडे गेला. पुढे १८०५ मध्ये कंपनीने बेगमांची जहागीर मान्य केली. परंतु ती केवळ त्यांच्या हयातीपुरती.

वास्तुरचना :
ही मर्यादा लक्षात घेतली म्हणजे चर्चच्या भव्यतेचे प्रयोजन उलगडते. इटालियन अधिकारी अँटोनियो रेगेलिनी यांनी आराखडा केला आणि १८२२ च्या सुमारास बांधकाम पूर्ण झाले. दर्शनी बाजूस डोरिक पद्धतीच्या स्तंभांचा प्रशस्त प्रवेशमंडप आहे. त्यामागे घुमट व दोन उंच मनोरे दिसतात. स्तंभ व मंडप यांची घडण युरोपीय आहे. मात्र आत गेल्यावर वेगळी परंपरा समोर येते. पांढऱ्या संगमरवरी वेदीवर रंगीत मौल्यवान खड्यांचे जडावकाम आहे. मोगल इमारतींतून परिचित असलेली ही पच्चीकारी येथे ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी आली आहे.

चर्चमधील बेगमांचे संगमरवरी स्मारक वारस डेव्हिड डाइस सोम्ब्रे यांनी रोममधील शिल्पकार आदामो तादोलिनी यांच्याकडून घडवून घेतले. शिल्प इटलीत घडले. परंतु त्यातील बेगम हिंदुस्थानी वेषात आसनस्थ आहेत आणि खालच्या बाजूस त्यांच्या दरबारातील व्यक्ती आहेत. धर्मस्थळात सत्तेचे असे चित्रण करण्यामागील हेतू स्पष्ट आहे.

निष्कर्ष :
१८३६ मध्ये बेगमांच्या निधनानंतर कंपनीने जहागीर ताब्यात घेतली. राज्य वारसाला देता आले नाही. वास्तू मात्र मागे ठेवता आली. १९६१ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी तिला 'लघु बॅसिलिका'चा दर्जा दिला. शैलीचे नाव देऊन थांबणारा अभ्यास ही बाजू दृष्टीआड करतो. आपल्या परिसरातील जुन्या चर्चवास्तूंचा अभ्यास करतानाही ती कोणी, कोणत्या परिस्थितीत व कोणत्या कारागिरीच्या बळावर उभारली, हे प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक आहे.