गोधडीच्या काठाचे गणित

हिवाळ्यात गोधडी पांघरताना तिच्या काठावरची नक्षी तुम्ही कधी निरखून पाहिली आहे का?

जालना जिल्ह्यात कापूस पिकतो; पण गोधडीला नवा कापूस लागतोच असे नाही. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून ती धावदोऱ्याने शिवतात. थरांमध्ये अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे ऊब टिकते. टाके विरळ पडले तर थर सरकून गोळा होतात. फार दाट पडले तर थर दाबले जातात व हवा कमी होते. ओढाताण काठाची जास्त होते, म्हणून तेथे टाके जरा दाट हवेत.

पण नक्षी कोणती निवडावी? काठाला समांतर ओळी सर्वांत सोप्या. पाने काढायची झाली की कोपऱ्याजवळ पान अर्धेच उरते. मग टाके उसवावे लागतात आणि जुने कापड उसवताना फाटते. यावरचा उपाय तुम्ही शाळेत शिकला आहात. तो म्हणजे मसावि!

समजा, गोधडी २१० सेंमी लांब व १५० सेंमी रुंद आहे आणि काठ १५ सेंमीचा आहे. चार कोपऱ्यांत १५ सेंमीचे चौकोन सोडले, तर नक्षीसाठी १८० व १२० सेंमी उरतात. पान १८ सेंमीचे घेतले तर लांबीत बरोबर १० पाने बसतात. रुंदीत मात्र ६ बसून १२ सेंमी उरतात. १८० व १२० यांचा मसावि ६०. म्हणून पानाची लांबी ६० चा विभाजक हवी. २० सेंमी घेतल्यास ९ व ६ पाने, १५ सेंमी घेतल्यास १२ व ८ पाने बसतात.

यांतले कोणते घ्यावे? पानांची टोके मध्यापासून दोन्ही कोपऱ्यांकडे वळवायची असतील, तर पानांची संख्या सम हवी. ९ पानांत मधले पान कोणत्या बाजूला वळवणार? म्हणून १५ सेंमी योग्य.

दोऱ्याचाही हिशेब करा. चार बाजूंची सरळ ओळ ६०० सेंमी होते. तीच ४५ अंशांत करवतीच्या दातांसारखी शिवली, तर १.४१ पट, म्हणजे सुमारे ८५० सेंमी होते.

आता घरची गोधडी मोजा आणि तिच्यासाठी काठ आखा. आधी कागदावर, मग कापडावर!