फॅट किती लागली?

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सकाळी सहा-साडेसहाला दूध डेअरीसमोर किटल्या घेऊन माणसं उभी असतात, आणि रांगेत एकच प्रश्न इकडून तिकडे फिरत असतो : ‘फॅट किती लागली?’ काल सहा-पाच लागली होती, आज पाच-आठ. मग म्हशीला काय झालं की डेअरीवाल्याच्या हाताला काय झालं, ही चर्चा दुपारपर्यंत पुरते. शहरातल्या गिऱ्हाइकाला दुधाचा दर लिटरवर ठरतो असं वाटतं. गावात तो दशांशावर ठरतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीच्या दुधाला ६.० आणि ९.० हा पाया धरलेला. एसएनएफ म्हणजे फॅट वगळून दुधात उरणारे घन पदार्थ : प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. आकडा पायाच्या वर गेला की पॉइंटमागे, म्हणजे दर ०.१ ला, पैसे वाढतात, खाली आला की कापले जातात. कापताना हात जरा जास्तच सढळ असतो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार.

हा पॉइंट मोजण्याची रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्याआधी युरोप-अमेरिकेतही दुधाचे पैसे मापावर मिळत. म्हणजे जो पाणी घालील त्याचा फायदा, आणि जो चांगली जनावरं पाळील तो मूर्ख. १८९० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट मोजण्याची सोपी पद्धत शोधली आणि तिचं पेटंट घेतलं नाही. त्याच सुमारास निकलाउस गर्बर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने आपली पद्धत काढली. भारतातल्या डेअऱ्यांत रुजली ती गर्बरची.

तिचं सगळं सामान एका टेबलावर मावतं. मुख्य वस्तू म्हणजे ब्यूटायरोमीटर : जाड काचेची नळी, खाली फुगीर पोट, वर बारीक मान आणि मानेवर कोरलेल्या खुणा. तिच्यात आधी १० मिलि गंधकाम्ल. मग १०.७५ मिलि दूध, म्हणजे वजनाने सुमारे ११ ग्रॅम, नळीच्या कडेने अगदी हळू सोडायचं. धसकन ओतलं तर ते आम्लाशी तिथेच भिडतं आणि जळतं. वरून १ मिलि अमाइल अल्कोहोल. रबरी बूच लावून नळी हलवली की ती हाताला चटका देण्याइतकी तापते आणि आतलं पांढरं दूध बघता बघता गडद तपकिरी होतं. आम्लाने फॅट सोडून बाकी सगळं विरघळवलेलं असतं. मग नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवून मिनिटाला ११०० फेऱ्यांनी चार-पाच मिनिटं फिरवायच्या, ६५ अंशांच्या गरम पाण्यात उभ्या करायच्या आणि डोळ्याच्या पातळीवर धरून वाचायच्या. मानेत सोनेरी-पिवळा, काचेसारखा स्वच्छ स्तंभ उभा असतो. तीच फॅट.

या साध्या कृतीत चुकायला किती जागा आहेत, हे एकदा मोजून पाहावं. आम्ल जास्त तीव्र असलं तर स्तंभाच्या बुडाशी काळे कण जमतात, पातळ असलं तर पांढुरकी साय अडकून राहते. दोन्ही वेळा रेषा कुठे संपते ते नीट कळत नाही. अल्कोहोल भेसळीचं असलं तर ते स्वतःच फॅटमध्ये मिसळून आकडा फुगवतं. स्तंभाचा वरचा काठ वाटीसारखा खोलगट असतो; त्या वाटीचा तळ वाचायचा, कडा नाही. मान वाकवून वरून पाहिलं तर आकडा बदलतो. आणि मानेवरची सर्वांत लहान खूण असते ०.१ टक्क्याची, म्हणजे नेमकी एका पॉइंटची. नजर एक खूण सरकली की कुणाच्या तरी खिशातून पैसे गेले.

त्याआधीची गोष्ट तर नळीत पोचतच नाही. दूध थोडा वेळ ठेवलं की साय वर येते. किटली न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट भरपूर, तळातून घेतला तर मामला फिका. धारेतही असंच. सुरुवातीच्या धारेत फॅट कमी आणि शेवटच्या धारेत कितीतरी जास्त असते. शेवटचं दूध वासराला सोडणाऱ्या घराची फॅट म्हणूनच कमी लागते, आणि त्यात खोट कुणाचीच नसते. वैरणीत चोथा कमी पडला तरी आकडा घसरतो. डेअरीतला भांडणाचा निम्मा विषय असा गोठ्यातच जन्मलेला असतो.

दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचं प्रकरण अधिक मजेदार. गावात त्याच्या आकड्याला ‘डिग्री’ म्हणतात. पाणी घातलं की डिग्री उतरते, हे सगळ्यांना माहीत आहे. साय काढली की ती चढते, हेही भेसळवाल्याला तितकंच माहीत आहे. दोन्ही बरोबर केलं तर डिग्री जागच्या जागी! साखर, मीठ, युरिया यांनीही ती वर नेता येते. म्हणून एकट्या लॅक्टोमीटरवर विसंबणारी डेअरी ही डेअरी नव्हे, सोय आहे.

एसएनएफ तर बऱ्याच ठिकाणी मोजलीच जात नाही. डिग्री आणि फॅटवरून सूत्राने काढतात. डिग्रीला चाराने भागायचं, त्यात फॅटचा काही हिस्सा मिळवायचा आणि एक ठरलेला आकडा. तो हिस्सा आणि तो आकडा सगळीकडे सारखा नाही. डिग्री २८ आणि फॅट ३.५ धरली, तर ०.२५ आणि ०.४४ वापरणाऱ्या सूत्राने एसएनएफ ८.३१ येते, ०.२१ आणि ०.३६ वापरणाऱ्याने ८.०९. दूध तेच, गाय तीच, फरक दोन पॉइंटांचा. कुठलं सूत्र लावलंय हे डेअरीच्या फळ्यावर लिहिलेलं असायला काय हरकत आहे?

आता बहुतेक केंद्रांवर आम्लाची बरणी कोपऱ्यात गेली आहे आणि तिच्या जागी ध्वनिलहरींवर चालणारं मशीन बसलं आहे. मिनिटभरात फॅट, एसएनएफ आणि छापील पावती. पावतीचा रुबाब मोठा. छापलेल्या आकड्याशी भांडण घालायला माणूस कचरतो. पण मशीनलाही खोडी आहेत. दुधात बुडबुडे असतील, नमुना फार गरम असेल, आतल्या नळीत दुधाचा थर साचला असेल, तर आकडा बहकतो. ते रोज धुवावं लागतं आणि ठराविक काळाने जुळवावं लागतं. जुळवायचं कशाशी? पुन्हा गर्बरच्याच नळीशी. जुळवणी कुणी करायची, हाच महाराष्ट्रातला खरा वाद आहे. ज्याने दूध विकत घ्यायचं त्याच्याच हातात मशीनची कळ, हे शेतकरी संघटनांना मान्य नाही. तपासणी त्रयस्थाने करावी, अशी त्यांची मागणी आहे. ती रास्त वाटते.

काट्याचंही तसंच. शंभर मिलिच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर वरचं सुटं दूध सोडून दिलं, तर ४.६८ लिटरचे ४.६ होतात. दोन वेळचं दूध धरलं तर दहा दिवसांच्या हप्त्यात एका घराचं सरासरी लिटरभर दूध कुठेच लिहिलं जात नाही. दहा मिलिपर्यंत दाखवणारा काटा ही त्यामुळे चैन नाही.

गावातून दूध संघाच्या दारात टँकर येतो तेव्हा तपासणी पुन्हा पहिल्यापासून. कोल्हापूरचा ‘गोकुळ’ १९६३ चा. अशा जुन्या संघांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वहिवाट जपली आहे. झाकण उघडताच पहिली तपासणी नाकाची. मुरलेला माणूस आंबूस वास यंत्राच्या आधी पकडतो. मग चमचाभर दूध उकळून फाटतं का ते बघायचं. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक मिसळला असला तरी इथे उघडा पडतो. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकलेलं दूध जितक्या लवकर निळा रंग सोडतं, तितके त्यात जंतू जास्त. अतिशय चांगल्या कच्च्या दुधाने पाच तास तरी निळं राहावं.

शहरात दुधाची भीती वेगळीच असते : युरिया, डिटर्जंट, ‘सगळं बनावट आहे हो!’ अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक भेसळ सापडली ती फक्त १२ नमुन्यांत. फॅट किंवा एसएनएफसारख्या बाबतीत कुठे ना कुठे कमी पडलेले नमुने मात्र ४१ टक्के होते. ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर निघालं, आणि ते कुणी दुधात घातलेलं नव्हतं. पावसाळ्यात भिजलेली सरकी पेंड, बुरशी लागलेला मका जनावराने खाल्ला की ते विष दुधात उतरतं. वास नाही, चव नाही, उकळून जात नाही. गर्बरच्या नळीत त्याचा मागमूस लागत नाही आणि पावतीवर फॅट छान सहा-आठ छापून येते. त्याला वेगळी पट्टी लागते, प्रयोगशाळा लागते. आणि त्याहून आधी पेंडीची पोती जमिनीपासून वीतभर वर फळ्यांवर ठेवलेली असावी लागतात.