आग लागते धुराड्यात, कारण असतं लाकडात

जर्मनीत काळ्या पोशाखातला धुराडी साफ करणारा कारागीर समोरून आला, की लोक शुभशकुन मानतात. ही समजूत उगाच रुजलेली नाही. लाकडाच्या शेगडीवर ऊब घेणाऱ्या घराला त्याची फेरी चुकवणं महागात पडतं.

लाकूड धुमसलं, की न जळलेले वायू आणि डांबरट वाफा धुराबरोबर वर जातात. धुराड्याचा आतला भाग साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर त्या तिथेच गोठून चिकटतात. हे क्रिओसोट. सुरुवातीला भुसभुशीत काजळी, पुढे कुरकुरीत खपल्या आणि शेवटी ब्रशलाही दाद न देणारा काळा, चकचकीत थर. हा थर म्हणजे इंधनच! एक ज्वाळा वर पोचली, की तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकतं. मातीच्या नळ्यांचं अस्तर तडकतं आणि आग भिंतीतल्या लाकडी चौकटीत शिरते. काही आगी मोठा घरघराट करतात. काही मात्र कोणाला न कळता लागून विझतात आणि मागे तडे ठेवून जातात.

मूळ दोष बहुतेकदा ओल्या लाकडाचा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते आटवण्यातच उष्णता खर्च होते आणि धूर गार पडतो. इंग्लंडने १ मे २०२१पासून किरकोळ विक्रीच्या सरपणात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको, असा नियम केला. हेतू हवा स्वच्छ ठेवण्याचा होता, पण धुराड्यांचंही भलं झालं. ओलावा तपासायचा तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मीटरच्या दोन सुया टोचायच्या. वरची साल फसवते.

दुसरी चूक सवयीची आहे. लाकूड रात्रभर पुरावं म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद करतात आणि शेगडी पहाटेपर्यंत धुमसत राहते. त्यापेक्षा लहान, पण धगधगीत आग केव्हाही बरी.

अमेरिकेतलं ‘एनएफपीए २११’ हे मानक वर्षातून एकदा तपासणी सांगतं. थर ३ मिलिमीटर झाला, की सफाई करायची. अमेरिका-कॅनडात शेगडी असलेलं जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी पहिलं लाकूड पेटवण्याआधीच जाणकाराला बोलवावं. आणि धुराडं पेटलंच, तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला फोन करावा. आग विझल्यावरही तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवू नये.