चल राशीवरील पहारा

संगणकाच्या आज्ञावलींत चल राशि म्हणजे नांव दिलेला असा कप्पा, कीं ज्यांतील किंमत बदलत राहते. समजा, वाशीमच्या बाजारांत आलेल्या सोयाबीनच्या वजनाची बेरीज ‘एकूण’ या राशींत ठेविली आणि सायंकाळीं ती कमी भरली. शेतकऱ्याचे पैसे बुडाले! शेंकडों ओळींतून दोषी ओळ शोधावी कशी?

‘जीडीबी’ नामक दोषशोधकास ‘वॉच’ ही आज्ञा देऊन त्या राशीवर पहारा बसवावा. किंमत पालटतांच तो काम थांबवितो व जुनी-नवी किंमत दाखवितो. दाखविलेली ओळ मात्र बहुधा पुढची असते. अपराधी तिच्या आधींची!

इंटेलच्या ८०३८६ प्रक्रियकांत (१९८५) असे चार पहारे यंत्रांतच होते. ते न पुरल्यास जीडीबी पावलोपावलीं किंमत तपासतो, आणि काम शेंकडों पटींनीं मंदावतें.